त्या दिवशी ढग होता

आमच्या बारिना गावात कोणाचं कोणाशी बिनसलंय हे कळायला कान लावून बसावं लागत नाही, नुसती डोकी बघितली तरी पुरतं. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या स्पासोयेचं डोकं गेली सात वर्षं कोणीतरी धावत्या बसमध्ये कापल्यासारखं दिसायचं. एका कानावर झुलपं, दुसऱ्या कानामागे उघडा माळ. केस कापायला तो मुद्दाम शेजारच्या गावी जायचा, आणि त्याच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, वितोमिरचं सलून होतं. टिसा नदीच्या अलीकडे वितोमिरसारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, हे त्याचे शत्रूही मान्य करतात. अर्थात शत्रू त्याला एकच होता.

आता वितोमिरकडे बघा. नाकावर आठवडी बाजारातल्या ढिगातून उचललेला चष्मा, त्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. लांबचं त्याला ससाण्यासारखं दिसायचं, पण जवळचं सगळं त्या चष्म्याच्या भरवशावर. समोरच्या कपाटात नाना तऱ्हेच्या फ्रेमा चमकत असताना हा माणूस वस्तरा हातात घेऊन डोळे बारीक करायचा, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसायचं.

हे दोघं एकमेकांचे कूम. कूम म्हणजे रक्ताचा नसून भावापेक्षा जवळचा माणूस. तो तुमच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतो आणि तेच पोर बोहल्यावर चढतं तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहतो. या दोन घरांचं कूमपण आजोबांच्या काळापासूनचं. वितोमिरच्या लाझारला स्पासोयेनेच चर्चमध्ये हातावर धरलं होतं, आणि लाझारने त्याचा नवा कोट भिजवला होता. असे हे दोघं सात वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. बेकरीच्या रांगेत एकापुढे एक उभं राहायची वेळ आली, तर एक जण रांग सोडून बाहेर जाई आणि आभाळाकडे बघत उभा राही. भांडण जमिनीवरून नव्हतं, बाईवरून नव्हतं, राजकारणावरूनही नव्हतं. भांडण झालं होतं एका हातभर लांबीच्या रॉकेटवरून.

वितोमिरला हा नाद शाळेत लागला. सिनेमागृहाच्या तळघरात तेव्हा रॉकेटवाल्यांचा क्लब होता, आजही आहे, आणि तिथला राळेचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर निघत नाही. बाकीच्या पोरांना मिशा फुटल्या आणि त्यांचा नाद सुटला. वितोमिरच्या मिशा फुटल्या, वाढल्या, पांढऱ्या झाल्या, नाद जागच्या जागी. पोलादी दांड्यावर काचेच्या धाग्यांचं तलम कापड राळेत भिजवून गुंडाळायचं, सुकलं की नळी हळूच ओढून काढायची. चांगली जमली तर तळहातावर ठेवलेली कळत नाही. आता राळ सुकायला ऊब लागते, आणि ऊब कुठे मिळते? सलूनच्या दुसऱ्या भागात त्याची बायको रुझित्सा बायकांचे केस करते, तिथे केस वाळवायच्या टोपांची रांग आहे. कित्येक वर्षं त्या रांगेत तीन टोपांखाली बायका आणि चौथ्याखाली रॉकेट असा थाट असायचा.

"अगं, हे माझ्याआधी सुकलं!" एखादी तक्रार करायची.

"ते बोलत नाही ना, म्हणून," रुझित्सा सांगायची.

या खेळात रॉकेट किती उंच गेलं हे कोणी विचारत नाही. ते सुरकन वर जातं, वर गेल्यावर डोक्यावरची टोपी सुटते, छत्री उघडते, आणि तिथून खरी गंमत सुरू होते. ते खाली किती सावकाश येतं, हवेत किती वेळ टिकतं, ते मोजायचं. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ सोनेरी छत्री वितोमिर अशी घडी घालायचा की बघत राहावं. मध्ये मध्ये पावडर, तीच, जी तो गिऱ्हाइकाच्या मानेवर मारतो. वर ऊन हवेचा झोत सापडला तर रॉकेट खाली यायचं नावच घेत नाही, उलट चढत जातं. तो झोत शोधायला कोणी साबणाचे फुगे सोडतं, कोणी लव्हाळ्याचा कापूस उधळतं, आणि आमच्याकडे तर सगळ्यांचा एक डोळा करकोच्यांवर असतो. करकोचा पंख न हलवता गोल फिरायला लागला की बटण दाबायचं.

वेळ मोजणारे खाली दुर्बिणी लावून उभे असतात. त्यांच्यासाठी एक नियम आहे, आणि त्या नियमानेच सगळा घोळ केला. रॉकेट दिसेनासं झालं तर मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. तेवढ्यात परत दिसलं तर ठीक, नाही तर घड्याळ बंद.

सात वर्षांपूर्वीची ती स्पर्धा राष्ट्रीय संघ निवडायची होती. वितोमिरची शेवटची फेरी, आणि छत्री अशी काही उघडली की मैदानावरच्या लोकांच्या तोंडून "आहा" निघालं. रॉकेट पाण्याच्या टाकीवर जाऊन जे थांबलं ते जणू कोणी खुंटीला टांगलं होतं. आणखी थोडं टिकलं की वितोमिर संघात, आयुष्यात पहिल्यांदा. आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख, ढगाचा ठिपका नाही. आणि वेळ मोजणारा स्पासोये ओरडला, "गेलं! दिसत नाही!"

"अरे ते काय, टाकीवर!" वितोमिर किंचाळला. पण खेळणाऱ्याने सांगायचं नसतं. स्पासोयेने दुर्बीण इकडून तिकडे फिरवली, खणखणीत आवाजात दहा मोजले आणि घड्याळ बंद केलं. दुसऱ्या मोजणाऱ्याच्या घड्याळाने नेमका त्याच दिवशी राम म्हटला होता, त्यामुळे स्पासोयेचा आकडा तोच खरा. रॉकेट त्यानंतरही कितीतरी वेळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आभाळात झुलत होतं. वितोमिरच्या जागी संघात दुसरा गेला.

वितोमिर सगळ्या मैदानासमोर कूमवर ओरडला, "आंधळा आहेस आंधळा! लोकांना चष्मे विकतोस, लाज नाही वाटत?"

स्पासोयेचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि तो सायकल हातात धरून चालत घरी गेला. तेव्हापासून स्पर्धेत तो रॉकेटांचं वजन करायच्या टेबलाशी बसायचा, घड्याळाला हात लावत नसे. लोक म्हणाले, मानी माणूस आहे. वितोमिर म्हणाला, मनात पाप आहे. आणि सात वर्षं जो कोणी खुर्चीत बसला, त्याला साबण लावून झाला की वितोमिर सुरू व्हायचा, "त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता..." तोंडाला फेस असलेला माणूस हो म्हणण्यापलीकडे काय करणार?

हे असंच दोघांच्या मयतापर्यंत चाललं असतं. पण लाझारचं लग्न ठरलं. मुलगी दुन्या, दातांची डॉक्टर, हसरी. सप्टेंबरात द्राक्षं उतरली की लग्न. आणि आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण कागदावर देत नाहीत. नवऱ्या मुलाचा बाप चुटुरा घेऊन, म्हणजे रिबिनी बांधलेला, राकियाचा म्हणजे फळांच्या दारूचा लाकडी चंबू घेऊन, दारोदार जातो. पहिला घोट कूमचा. कूमने घोट घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या दारात जाता येत नाही. रुझित्साने चंबू घासून, रिबिनी बांधून, भरून जूनमध्येच फडताळावर ठेवला होता. जुलै आला तरी तो तिथेच.

"त्या राकियाचं व्हिनेगर होईल," रुझित्सा म्हणाली.

"राकियाचं व्हिनेगर होत नाही."

"मग तुझं झालंय. रस्ता ओलांडायचाय रे, अटलांटिक नाही."

"त्याने आधी म्हणावं, चूक झाली. एवढंच. मी लगेच जातो."

"आणि नाही म्हणाला तर? पोराच्या शेजारी कोणाला उभं करणार? तुझ्या रॉकेटाला?"

त्या रविवारी जेवताना लाझारने बापाला हळूच विचारलं, "बाबा, कूमशिवाय लग्न होतं का?" वितोमिरने ताटातली ढोबळी मिरची उगाच चार वेळा कापली. त्याला रात्री झोप येईना. मनातून त्याला कूम हवाच होता. खरं सांगायचं तर लग्नासाठी हवा होता त्याहून जास्त असाच हवा होता. रस्त्यापलीकडे दिवसभर दिसणाऱ्या माणसाची आठवण येणं हा काय प्रकार आहे ते ज्याला आलीय त्यालाच माहीत. पण तोंडातून शब्द फुटायचा तर कोणीतरी ते कुलूप काढायला हवं ना.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी नदीकाठच्या कुरणावर स्पर्धा होती. मोठ्या कढईत घेवडा आणि धुरावलेलं मांस शिजत होतं, पलीकडे सूर्यफुलांचं शेत, त्याच्या कडेला पॉपलरची रांग, डावीकडे दलदल. वितोमिरचं रॉकेट दुसऱ्याच फेरीत सूर्यफुलांत गेलं ते गेलंच. तो कडेला कलिंगड खात, जगावर रुसून बसला होता. तेवढ्यात पेर्सिदा आली. ही आमच्या क्लबची प्रमुख. एरवी गुरांची डॉक्टर, त्यामुळे माणसांशीही त्याच आवाजात बोलते.

"रिकामा आहेस ना? घे घड्याळ. मोजणारे दोघं उन्हाने आडवे झालेत."

"दुसरं कोण आहे?"

"आहे कोणीतरी. ऊठ."

तो कोणीतरी कोण हे पाच पावलं चालल्यावर कळलं. वजनाच्या टेबलापाशी स्पासोये हात जोडून उभा होता. "पेर्सिदा, मला नको. सवय गेलीय. मी वजनंच करतो."

"सवय कसली? बैल हाकायचाय का? बटण दाबायचंय. दोघंही म्हातारे हट्टी, मला वेळ नाही."

वितोमिर मनात म्हणाला, बघा, नखरे बघा! माझ्या शेजारी उभं राहायला कमीपणा वाटतोय. त्याने घड्याळ घेतलं आणि मुद्दाम छाती काढून उभा राहिला. स्पासोये येऊन हातभर अंतरावर थांबला. वितोमिरच्या डोळ्यांसमोर ते कापलेलं डोकं आलं आणि त्याची बोटं आपोआप कात्रीसारखी हलली.

पाळी होती इलोनाची, पलीकडच्या गावातली संगीतशिक्षिका. चांगली वेळ लागली तर पहिला नंबर तिचा. तिचा नवरा साबणाचे फुगे सोडत होता. फुगे आधी इकडे तिकडे भटकले, मग सगळे एका दिशेने वर जायला लागले.

"आता!" नवरा ओरडला. इलोनाने बटण दाबलं.

सुर्रर्र! दोन घड्याळं एकदम चालू झाली. वर छोटासा फटाका, आणि रुपेरी छत्री उघडली. झोत चांगला होता, छत्री चढत चढत पॉपलरच्या रांगेकडे सरकू लागली. वितोमिर दुर्बिणीतून बघत राहिला. रॉकेट कोणाचंही असो, असं दृश्य दिसलं की त्याच्या जिवाला बरं वाटायचं.

मग सहज त्याने शेजारी नजर टाकली. स्पासोयेची दुर्बीण पॉपलरकडे नव्हतीच. ती हळूहळू डावीकडे, दलदलीकडे वळत होती. तिकडे काय आहे? वितोमिरने बघितलं. तिकडे एक करकोचा होता. पांढरा, पसरलेल्या पंखांनी आरामात गिरक्या घेत चाललेला.

स्पासोये करकोच्याचा वेळ मोजत होता.

आधी वितोमिरला हसू फुटलं. पोटातून आलं, घशापर्यंत आलं. सात वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच! आता नुसतं ओरडायचं, "लोकहो, बघा!" आणि सगळं मैदान बघेल. मग त्याने कूमचा चेहरा पाहिला. घामाने डबडबलेला, दुर्बीण इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी झालेली. परीक्षेत काहीच येत नसलेल्या पोरासारखा चेहरा. आणि वितोमिरच्या डोक्यात सगळं भराभर जुळलं. त्या दिवशी टाकीवरची छत्री यालाच दिसली नव्हती. वजनाचं टेबल. तिथेही काट्याचे आकडे त्याची बायको ओल्गावहिनीच वाचते. भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता याला काय, पाठच असणार. चष्मेवाल्याला दिसत नाही हे गावात कोणाला सांगायचं, आणि कसं? आणि आपण त्याला काय म्हणालो होतो, ते भर मैदानात, सगळ्यांच्या देखत. त्या शब्दाची आठवण होऊन वितोमिरचे कान तापले. हसू कुठल्या कुठे गेलं.

तिकडे करकोच्याने पाय खाली सोडले. तो दलदलीत उतरायला लागला होता. स्पासोयेचा अंगठा बटणावर आला. आणखी क्षणभर, आणि इलोनाची वेळ मातीत.

"कूम," वितोमिर ओठ न हलवता म्हणाला, "अंगठा काढ."

स्पासोये दचकला. दुर्बीण तशीच डोळ्यांवर. "कोण... काय?"

"तो करकोचा आहे. उजवीकडे ये. पॉपलरच्या वर. अजून. सापडलं?"

दुर्बीण पॉपलरच्या शेंड्यांवरून दोनदा फिरली. मग अगदी खालच्या आवाजात, "नाही. मला दिसत नाही, वितो. सगळं दुधासारखं आहे."

"बरं. दुर्बीण पॉपलरवरच ठेव. मी बघतो, मी सांगतो. तू नुसता अंगठा तयार ठेव."

आणि वितोमिर सांगू लागला. सात वर्षं तुंबलेली न्हाव्याची जीभ ती, एकदा सुटल्यावर थांबते थोडीच! "वर चढतंय. आता रांगेच्या टोकाला. छत्री छान भरलीय, पण एक दोरी अडकलीय वाटतं. लाझारचं लग्न ठरलं."

"माहीत आहे. गावाला सांगितलंस, मला नाही."

"सांगतोय ना आता. मुलगी दातांची डॉक्टर. थोडं वाऱ्यावर गेलं. उजवीकडे घे दुर्बीण. सप्टेंबरात आहे."

"कोणाला धरलंयस कूम म्हणून?"

"कोणाला धरणार? चुटुरा जूनपासून फडताळावर आहे. रुझित्सा रोज धूळ पुसते आणि मला शिव्या घालते. आता उतरायला लागलंय, सावकाश."

"मग आणायचा होतास," स्पासोये म्हणाला. "रस्ता केवढा आहे?"

"तूही ओलांडू शकत होतास. सूर्यफुलांच्या वर आलं. पलीकडच्या मोकळ्या शेतात उतरणार असं वाटतंय. हे तुझे केस कापले कोणी? खाटकाने?"

"गप्प बस. बाजारातला चष्मा घालून मला बोलतोयस? लांबूनही कळतं ती काडी चिकटपट्टीची आहे. पांढरी चमकते."

"ते बरं दिसतं तुला! तयार राहा. खाली आलं. अजून खाली. अजून. आता!"

दोन्ही अंगठे एकदम दाबले गेले. पेर्सिदा घड्याळं बघायला आली, एक पाहिलं, दुसरं पाहिलं, मग दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दोन्ही अगदी सारखी! तुमचं दोघांचं एकमत झालं? मला बसू द्या जरा."

इलोना नवऱ्याच्या गळ्यात पडून उड्या मारत होती. लोक कढईकडे निघाले. हे दोघं मात्र तिथेच गवतावर बसले, पाय लांब करून. स्पासोयेने चष्मा काढून सदऱ्याने पुसला, जणू दोष काचेचा होता.

"आधी एकच डोळा होता," तो म्हणाला. "मोतीबिंदू. आता दोन्ही. शहरात जाऊन काढून घेता येतो, मलाच काय सांगायचं ते. पण तिथल्या डॉक्टरांकडे मीच इथून माणसं पाठवतो. उद्या गावात झालं, चष्मेवाला आंधळा, तर दुकानात कोण येईल?" मग चष्मा परत नाकावर ठेवत, "वितो, त्या दिवशी तुझंही रॉकेट..."

हे वाक्य वितोमिरने सात वर्षं ऐकायचं ठरवलं होतं. उत्तरसुद्धा तयार होतं, चांगलं झणझणीत, आरशासमोर घोटलेलं. आता ते वाक्य समोर आलं आणि त्याला ते पुरं ऐकवेना.

"त्या दिवशी ढग होता," तो म्हणाला.

"कसला ढग? एक ढग नव्हता आभाळात. तूच सांगत असतोस सगळ्या गावाला."

"होता. टाकीच्या बाजूने आला होता. आत्ता आठवलं मला. ढगात गेलं, तू दहा मोजलेस, बंद केलंस. नियमच आहे तो. मी जे ओरडलो ते चुकलं, कूम. तो शब्द मी बोलायला नको होता."

स्पासोये पॉपलरकडे बघत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने लपवलं नाही.

"सोमवारी सलून बंद ठेवतो," वितोमिर म्हणाला. "गाडी काढतो. शहरात जाऊ, तारीख घेऊ. लग्नात तुला नवरीचं तोंड दिसायला हवं, नाहीतर चुकून आशीर्वाद करकोच्याला देशील."

"आणि गावात कळलं तर? तू न्हावी आहेस."

"सात वर्षं तुझ्याशी बोललो नाही मी. न्हावी असून. याहून अवघड काय असतं?"

त्याच संध्याकाळी वितोमिर चुटुरा घेऊन रस्ता ओलांडून गेला. सात वर्षांत तो रस्ता रुंद झाला नव्हता हे बघून त्याला स्वतःचाच राग आला. स्पासोयेने घोट घेतला, खोकला, आणि आधी वितोमिरच्या नाकावरचा चष्मा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग वितोमिरने त्याला हाताला धरून समोर नेलं, खुर्चीत बसवलं, मानेभोवती कापड बांधलं आणि जवळचं नीट दिसत नसतानाही, नुसत्या हाताच्या अंदाजाने, ते डोकं माणसाचं केलं.

लग्न झालं. स्पासोये लाझारच्या शेजारी ताठ उभा होता, दोन्ही डोळ्यांनी बघत. गावात त्याच्या डोळ्यांबद्दल कधी कोणाला कळलं नाही. मला कळलं ते स्पासोयेनेच सांगितलं म्हणून, आणि तेही त्याचं दुकान भाच्याच्या हाती गेल्यावर.

सलूनमध्ये जुनी गिऱ्हाइकं अजून कधीतरी तो विषय काढतात. "वितो, त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता ना रे?" वितोमिर साबणाचा ब्रश हवेत धरून थांबतो.

"कोण म्हणतं?" तो म्हणतो. "चांगला मोठा ढग होता." दर वर्षी तो ढग थोडा वाढत जातो. गेल्या हिवाळ्यात त्याने मला सांगितलं, त्या ढगातून दोन थेंबही पडले होते, आणि ते त्याच्या कपाळावर पडले.